काट्यावरचा कापूस

कार्तिक शुद्ध ३, शके १७८६. अमरावती.

आज कर्ज फिटलं.

धाकट्या भावाला जामीन राहिलो होतो. तो पटकीत गेला आणि त्याचं देणं माझ्या मानगुटीवर येऊन बसलं. फेडता फेडता मिशा पांढऱ्या झाल्या. शेवटची रक्कम गादीतून निघाली. गादीत लपवलेली नव्हे, गादीच विकली. अमेरिकेत लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नाही, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला चांदीचा भाव आला आहे. सारं गाव गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात नेत आहे. आम्हीही दोन गाद्या, चार उशा आणि माझ्या लग्नातली रजई उसवली. बायकोनं, मनकर्णेनं, उसवताना एक शब्द काढला नाही. खोळी मात्र धुऊन, घडी करून ठेवल्या.

रात्री चटईवर घोंगडी अंथरून निजलो. म्हटलं, "आता कोणाचा एक पैसा देणं नाही. अजून दोन हंगाम पेढीवर मुनीमकी करतो, मग नोकरी सोडून वलगावला जाऊ. मामाची दोन खोल्यांची जागा आहे. छपर नवं घालू, एक गाय बांधू. जन्मभर पेढीवर बसलो, आता पेढी नदीच्या काठी बसेन."

ती म्हणाली, "हं."

तिलाही फार आनंद झाला असावा.

कार्तिक वद्य ८

काटकसरीचा नेम बांधला आहे. पान बंद. संध्याकाळी एकच दिवा. धोतर फाटलं तर दंड घालून नेसायचं. रोज ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. सणाला तेवढं वरण.

बाजारात चाललेलं पाहून मात्र डोळे फिरतात. परवा एका शेतकऱ्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून आणल्या होत्या. पेढीवरचा सहदेव कारकून रेशमी उपरणं घेऊन येतो. मला म्हणाला, "मुनीमजी, तुमचा अंगरखा पाहून वाटते, अमेरिकेची लढाई तुमाले कोनी सांगितलीच नाई." मी हसलो. ज्याचं देणं फिटलं त्याला असल्या बोलण्याची मौज वाटते.

मला चटईवर फार छान झोप लागते. मनकर्णा मात्र सकाळी उठताना भिंतीला धरून उठते. थंडी वाढली आहे.

मार्गशीर्ष शुद्ध १०. अकोला.

पेढीच्या कामानं इथं आलो आहे. वच्छलेकडे उतरलो. लेकीला पाहून जीव निवाला. पहिलंच आहे, सातवा लागला. जावई देवीदास भला माणूस आहे. व्याही बोलण्यात जरा फटकळ. ते म्हणाले, "पौषाच्या आधीच न्या. पौषात सून घराबाहेर धाडत नाई आमी." मी होकार दिला. पंधरवड्यात देवीदास तिला पोचवायला येईल.

गावाबाहेर लोखंडी सडकेचं काम चाललं आहे. हजारो माणसं माती टाकत आहेत. आगगाडी आली की कापूस मुंबईला दोन दिवसांत पोचेल म्हणतात. मला काय त्याचं? तोवर मी वलगावला गायीला चारा घालत असेन.

मार्गशीर्ष शुद्ध १४. अमरावती.

मनकर्णा म्हणाली, "पोरगी बाळंतपणाले येऊन राहिली. तिले निजाले गादी पायजे."

मी बाजारभाव सांगितला. एका गादीच्या कापसात आमचा तीन महिन्यांचा शिधा येतो. म्हटलं, "गोणपाटात वाळलं गवत भरू. मऊ होतं."

"गवत भरता?"

"आपण नाही का चटईवर निजत?"

"आपन निजतो," ती म्हणाली, आणि चुलीपाशी गेली. नंतर रात्रीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. लेक यायची म्हणून घरात कामं फार आहेत.

मार्गशीर्ष वद्य ५

मनकर्णा दुपारी घरी नसते. शेजारच्या आयशाबीबरोबर जाते. आयशाबी म्हणजे नबी पिंजाऱ्याची विधवा. नबी गेल्यावर ती स्वतः पिंजण चालवायची. गाद्या-रजया भरून पोट भरायची. कापूस महागला तसं तिचं पिंजण खुंटीला लागलं. चांदीच्या भावाचा कापूस गादीत कोण भरतो? साऱ्या गावाला कापसानं श्रीमंत केलं आणि कापसावर जगणारी बाई उपाशी बसली. मनकर्णा तिला पीठ-मीठ नेऊन देते. मला ठाऊक आहे, पण मी काही बोलत नाही.

दोघी कुठं जातात विचारलं, तर म्हणाली, "अंबादेवीले." दोघी? असेल. आयशाबी बाहेर झाडाखाली बसत असेल.

तिच्या हातांवर ओरखडे दिसले. म्हणाली, वांगी तोडताना लागलं. संध्याकाळी दिव्याशी बसवून मी तिच्या हातांना हळद-तेल लावलं. बोटांच्या पेरांत काट्यांची टोकं मोडलेली होती, ती सुईनं काढली. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुमचा हात हलका आहे." एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकलं. वांग्यांना यंदा काटे फार आहेत.

मार्गशीर्ष वद्य १२

वच्छला आली. देवीदास तिला सोडून परत गेला.

शेठजींनी आज बाजूला बोलावलं. "मुनीमजी, तुमचं काय असेल ते माझ्या सौद्यात घाला. होळीपर्यंत दुप्पट करून देतो. सहदेवनं तर घर गहाण टाकून घातलं." माझ्याजवळ देणं फिटल्यावर हाती आलेलं दिवाळीचं इनाम आणि पगारातून उरवलेलं एवढंच आहे, वलगावच्या छपरासाठी ठेवलेलं. दुप्पट झालं तर दोन हंगाम कशाला, एकाच हंगामात मोकळा होईन! कर्ज तर नाही ना काढायचं? आपलेच पैसे घालायचे.

घरी येऊन मनकर्णेकडे पेटीची किल्ली मागितली. कशासाठी ते सांगितलं. ती कमरेला चाचपत म्हणाली, "अगं माय! आताच तर होती."

पौष शुद्ध ४

किल्ली सापडत नाही. कणगीत पाहिलं, उखळात पाहिलं, तुळशीच्या मातीत पाहिलं. मनकर्णा माझ्याहून जास्त शोधते. बिचारी रोज नवी जागा सुचवते. मी म्हटलं, लोहाराला बोलावून कुलूप तोडू. ती म्हणाली, "पौषात कुलूप तोडू नये." असा नियम मी ऐकला नव्हता. पण बायकांना जास्त कळतं.

शेठजी रोज विचारतात. मी रोज उद्या म्हणतो.

पौष शुद्ध ११

आज घरात फार वाईट झालं. लपवत नाही, लिहितो.

दुपारी पेढीवरून लवकर आलो. वच्छला आतल्या खोलीत निजली होती. तिच्या अंगाखाली गादी! धुतलेल्या खोळीत भरलेली, चांगली वीतभर जाड. पाठीला तक्क्या. मनकर्णेला म्हटलं, "कापूस कुठून आणला?"

"वलगावच्या वाटेवरून."

वाटेवरच्या बाभळी-बोरींना कापसाच्या शिगोशीग गाड्या घासत जातात. काट्यांवर पुंजके अडकून राहतात. गोरगरीब बायका ते वेचून विकतात. माझी बायको आणि आयशाबी महिनाभर ते वेचत होत्या. आयशाबीनं सरकी काढली, पिंजलं, भरलं.

मी ओरडलो. वच्छला जागी झाली तरी ओरडलो. "मुनीमाची बायको रस्त्यावर काटे वेचते? लोक काय म्हणतील?"

"काटे नाई वेचत. कापूस वेचतो."

"मला विचारलं का?"

"गाद्या इकल्या तवा मले इचारलं होतं का?" ती आवाज न चढवता म्हणाली. "देनं होतं, इकल्या. मी बोलली नाई. तुमी काटकसर करता, मी करते. पन माह्या पोरीची पाठ काटकसरीत नाई टाकत मी."

मी जेवलो नाही. तीही जेवली नाही. वच्छलेनं मात्र गादीवर बसून दोघांच्या वाटच्या भाकरी खाल्ल्या. म्हणाली, "बाबा, बाळाले भूक लागते. तुमी भांडा."

माघ शुद्ध २

आज पेढीवरून मला चोर म्हणून बाहेर काढलं. काढलं नाही, मी निघालो. पण गावाला त्यातला फरक कोण सांगणार?

सहदेवची बायको वच्छलेला बघायला आली होती. तिनं गादी पाहिली. सहदेवनं शेठजींच्या कानी घातलं. सकाळी सारे दलाल, गाडीवान बसलेले असताना शेठजी म्हणाले, "मुनीमजी, गावात कापूस चांदीच्या भावानं जातो. तुमची लेक वीतभर गादीवर निजते. माझ्या वखारीत रोज तोल कमी भरतो. मी काय समजू?"

म्हटलं, "माझ्या बायकोनं वाटेच्या काट्यांवरून वेचला."

एक दलाल हसला, मग सगळेच हसले. शेठजी हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली, जणू माझी लाज त्यांनाच वाटत होती. तेच मला सोसलं नाही. जन्म त्यांच्या पेढीच्या गादीखाली गेला. वखारीच्या किल्ल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या आणि वहाणा घातल्या. वहाण पटकन पायात जाईना.

घरी येऊन ओट्यावर बसलो. दोन हंगाम अजून हवे होते. असं मोकळं व्हायचं नव्हतं मला. मनकर्णेनं सगळं ऐकलं. मला वाटलं, रडेल. नाहीतर म्हणेल, माझ्यामुळं झालं. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुमी चोरी केली का?"

"नाही."

"मंग उठा. हात-पाय धुवा. आज भाकर तव्यावरची गरम खा. रोज थंडी खाऊन राहिले होते."

माघ शुद्ध ३

पेटीची किल्ली सापडली! मनकर्णेला चुलीच्या कोनाड्यात मिळाली. तो कोनाडा मी स्वतः तीनदा पाहिला होता. मोजून पाहिलं, काटकसरीनं वर्ष निघेल. योगायोग पाहा, किल्ली वेळेवर मिळाली असती तर हे पैसेही शेठजींकडे अडकले असते. देव पाठीशी असतो तो असा.

हे मनकर्णेला म्हटलं, तर ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तिला भरून आलं असावं.

फाल्गुन शुद्ध ६

वच्छलेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुईणीबरोबर आयशाबी रात्रभर उभी होती. सकाळी बाहेर येऊन म्हणाली, "वामनभाऊ, नवासी झाली. मिठाई निकालो." घरात गूळ होता, तो वाटला.

नात माझ्या ओंजळीत मावते. तिच्या अंगाखाली काट्यावरच्या कापसाचं दुपटं आहे. मी त्यावर हात फिरवला. काटा कुठंही लागला नाही.

फाल्गुन वद्य २

लोक रामराम घालत नाहीत. पेढीवरचे तर वाट बदलतात. घरात बसून करायचं काय? तीन दिवसांपूर्वी सकाळी दोघी कापूस वेचायला निघाल्या तेव्हा मीही काठी घेतली. मनकर्णा म्हणाली, "तुमी कुठी?"

"उंच फांद्यांना तुमचा हात पोचत नसेल."

आयशाबी तोंड फिरवून हसली. मी काठीनं फांदी वाकवून धरायची, त्या दोघींनी वेचायचं. पहिल्या दिवशी गाडी आली की मी तोंड वळवून झाडाकडे बघत राहायचो. आता बघत नाही. कोवळं ऊन असतं. बायका बोलत असतात. नबी कसा घोरायचा, मनकर्णेनं पहिल्यांदा पुरण केलं तेव्हा कसं पातळ झालं. एवढ्या वर्षांत ही बाई इतकं बोलताना मी पाहिली नव्हती. मी पेढीवर असायचो ना.

फाल्गुन वद्य ९

आज शेठजींची बैलांची दमणी त्याच वाटेनं आली. मी फांदी वाकवून धरली होती, उपरण्यात पुंजके होते. दमणी थांबली. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, काट्यांकडे पाहिलं, मनकर्णेच्या हातांकडे पाहिलं. मी फांदी सोडली नाही. सोडली असती तर आयशाबीच्या तोंडावर आपटली असती. शेठजींनी गाडीवानाला खूण केली आणि दमणी गेली.

फाल्गुन वद्य १०

शेठजींचं बोलावणं आलं. मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं का लिहू? मनकर्णेनं धुतलेला अंगरखा काढून दिला.

शेठजी म्हणाले, "झालं गेलं विसरा. पेढीवरची तुमची गादी तशीच आहे. पगार वाढवतो. आणि ते पैसे आणा, भाव अजून चढणार."

मी म्हटलं, "येतो. फक्त ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर एकदा सांगा, की वामनराव चोर नाही."

त्यांनी पुढ्यातली वही मिटली. "मुनीमजी, मी तुम्हाला परत बोलावलं, यातच सगळं आलं. पेढीच्या मालकानं चारचौघांत चूक कबूल केली तर बाजारात शब्दाला किंमत काय राहील?"

"माझ्या शब्दाला राहिली नाही, त्याचं काय?"

मी हात जोडले आणि निघालो. वाटेत वाटलं, मूर्खपणा केला. दारात आलो तेव्हा अजून वाटत होतं. मनकर्णेला सांगितलं. ती नातीला तेल लावत होती. नातीलाच म्हणाली, "आजोबा आले वं. आता जात नाईत."

वैशाख शुद्ध १२

अमेरिकेची लढाई संपली. मुंबईहून बातमी आली आणि बाजार कोसळला. कालचा भाव आज कोणी विचारत नाही. बाजारात भरल्या गाड्या उभ्या आहेत. गाडीवान झाडाखाली निजले आहेत. शेठजींच्या पेढीला कुलूप आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्या दारातून एवढी वर्षं आतबाहेर केली, त्याचं कुलूप उगाच ओढून पाहिलं.

वैशाख वद्य १

तिन्हीसांजेला सहदेव आला. ओट्यावर बसला आणि हमसून रडू लागला. घर गेलं. म्हणाला, "मुनीमजी, मीच शेठजीले सांगितलं होतं. माह्यावर थुका."

राग होता, पण तो माझ्यासमोर रडत होता आणि त्याच्या पायात वहाणा नव्हत्या. मनकर्णेनं ताट आणून ठेवलं. "जेवा आधी. बायकोले, लेकरायले घेऊन काऊन नाई आले?" तो उठून घरच्यांना घेऊन आला. उरली ती भाकर आम्ही दोघांनी वाटून खाल्ली.

ज्येष्ठ शुद्ध ३

आयशाबीच्या अंगणात पिंजण वाजत आहे. सकाळपासून तुंग-तुंग चालू असतं. साऱ्या गावानं गाद्या विकल्या होत्या, सारं गाव चटईवर निजत होतं, आणि आता कापूस मातीमोल झाला म्हटल्यावर एकेक जण रिकाम्या खोळी घेऊन येत आहे. आयशाबी पिंजते, मनकर्णा भरते, मी टाके घालायला शिकलो. सहदेवची बायको खोळी शिवते. शनिवारी मिळकतीची वाटणी झाली. आयशाबी म्हणाली, "वामनभाऊ, तुमचे टाके वाकडे येते. अर्धा वाटा." म्हटलं, कबूल.

सगळ्यात शेवटी आमची गादी भरली. आज सूर्य वर आला तरी मनकर्णा निजलेली होती. आमच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. नुसती झोप होती, गाढ. म्हणजे इतके महिने ही निजलीच नव्हती? मी शेजारी होतो आणि घोरत होतो. चूल मी पेटवली. धूर फार झाला, पण ती उठली नाही.

ज्येष्ठ शुद्ध ८

म्हटलं, पावसाआधी वलगावचं छपर घालून घेऊ. ती काही बोलली नाही. या वेळी मी थांबलो. विचारलं, "तुला जायचं आहे ना?"

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तिथी नदी आहे, गाय राहीन. मी कोनाशी बोलू? तुमी नदीकडं पाहात बसान."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आज इचारलं."

वलगाव माझं स्वप्न होतं, आणि मी ते दोघांचं समजून चाललो होतो. तिला म्हटलं, "मामाची जागा सहदेवला राहायला देऊ. त्याला घर नाही. आपण इथंच राहू."

"तुमाले वाईट वाटन."

"थोडं वाटेल."

"मंग सुट्टीच्या दिवशी जाऊ नदीवर," ती म्हणाली. "भाकर बांधून. आयशाबीले पन नेऊ."

ज्येष्ठ वद्य ५. अकोला.

वच्छलेला आणि नातीला सासरी पोचवायला आलो. मनकर्णा बरोबर आहे. बैलगाडीत नात तिच्या मांडीवर, आणि वाटेनं दोघीही झोपल्या.

संध्याकाळी ओसरीवर व्याही आणि त्यांच्या ओळखीची चार मंडळी बसली होती. पानाचं तबक पुढं आलं. व्याही आपल्या फटकळ स्वभावानं सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो वामनराव, पेढी तर गेली तुमची. मंग सध्या करता काय?"

टाके घालतो म्हणावं, तर लेकीची सासरची माणसं. काही करत नाही म्हणावं, तर तेही लाजिरवाणं. मी पानाला चुना लावत राहिलो.

तेवढ्यात आतल्या दाराआडून मनकर्णेचा आवाज आला. एवढ्या पुरुषांसमोर ती जन्मात बोललेली नाही. पण आवाज स्वच्छ होता.

"ते आता घरी रायतेत. लय वर्सांनी भेटले मले."

कोणी हसलं नाही. व्याह्यांनी तबक माझ्याकडे आणखी सरकवलं. माझ्या हातातल्या पानाला चुना इतका लागला होता की ते खाता येईना, आणि खाली ठेवावंसंही वाटेना.